दोन चिपांचं कार्ड आणि सू-छिनबाईंचा पुठ्ठा

तैपेईच्या ग्वांगह्वा बाजारात तिसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्यावरून पाय उचलला की डावीकडचा चौथा गाळा यांग सू-छिनबाईंचा. गाळा म्हणायचा म्हणून गाळा. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पोट आत घेऊन बोलायचं. भिंतीला खालपासून वरपर्यंत ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमची चित्रं पळवणाऱ्या पाट्यांच्या, पेट्या. प्रत्येक पेटीवर राक्षस, नाहीतर चिलखत घातलेली आणि बाकी फारसं काही न घातलेली बाई. सू-छिनबाई चोवीस वर्षं ही कार्डं विकत होत्या आणि त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता. त्यातल्या बायकांना थंडी कशी वाजत नाही, एवढीच त्यांना या विषयातली जिज्ञासा.

बाई मूळच्या दक्षिणेतल्या जियायीच्या बाजूच्या. अठराव्या वर्षी तैपेईला आल्या, मिठाईचे खोके घडी करायच्या कारखान्यात लागल्या आणि शहर बसचे ड्रायव्हर लिऊ तिंग-क्वो यांच्याशी लग्न केलं. सासऱ्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान पुलाखाली होतं. तेव्हा सगळा बाजारच पुलाखाली भरायचा. पुस्तकं किलोवर घ्यायची आणि नगावर विकायची, हा सासऱ्यांचा धंदा. बाईंनी तो इतका उचलला की गठ्ठा हातात घेतला की ग्रॅमसुद्धा सांगायच्या. पुढे पुस्तकं कोणी विचारेना. शेजारपाजारचे सगळे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांकडे वळले, तशा याही वळल्या. पूल पाडला, नवी इमारत झाली, बाजार वर चढला. हात मात्र तोच राहिला. नवं कार्ड आलं की बाई पेटी तळहातावर घ्यायच्या, जरा झुलवायच्या आणि भाव सांगायच्या. कंपनीचं पत्रक चार दिवसांनी यायचं, तेव्हा बाई पाचशे तैवानी डॉलरच्या आतबाहेर असायच्या. कंपन्यांनी त्यासाठी म्हणे मोठमोठ्या पगाराची माणसं ठेवली होती.

समोरचा गाळा को त्साई-फूचा. जगात असली चिप बनवणाऱ्या कंपन्या दोनच. एकीचा रंग हिरवा, दुसरीचा लाल. बाई दोन्हींचा माल ठेवायच्या, पण हिरवा जास्त, कारण तो जास्त खपायचा. को मात्र लाल कंपनीचा भक्त. दर वर्षी लाल कंपनी आता हिरवीला लोळवणार असं तो सांगायचा आणि दर वर्षी पुढच्या वर्षाचा वायदा करायचा. अडचण एकच होती. तैपेईत कुठलंही यंत्र सुरळीत चालावं म्हणून त्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवतात आणि ती पुडी हिरवीच लागते. लाल ठेवली तर यंत्र बंद पडतं, हे बँकांपासून इस्पितळांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा बिचाऱ्या कोला आपल्या लाल दुकानात, लाल फलकाखाली, हिरवी पुडी ठेवावी लागायची. बाई रोज सकाळी शटर उघडताना तिच्याकडे बघून मान हलवायच्या.

"आ-फू, पुडी छान दिसते हं."

"वहिनी, तुमची बोहनी होऊ द्या आधी."

इतकं झालं की दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सगळं शहर कायदेमंडळाकडे बघत होतं. तिथे एका व्यापारकराराविरुद्ध विद्यार्थी आत घुसून ठाण मांडून बसले होते. बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर देशाचं काय होणार ते ठरत होतं आणि तिसऱ्या मजल्यावर चर्चा एका कार्डाची. हिरवी कंपनी म्हणे एकाच कार्डावर दोन चिपा बसवून आणणार. भाव किती, कोणालाच ठाऊक नाही. पंचेचाळीस हजार म्हणणारे होते, साठ म्हणणारे होते.

तिंग-क्वो तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झालेले. बस गेली, पण बसून राहण्याची सवय गेली नव्हती. ते गाळ्याच्या तोंडाशी स्टुलावर बसून दिवसभर फोनवर असल्या बातम्या वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे.

"अगं, एक जण म्हणतो एप्रिलमध्ये येणार."

"येऊ दे."

"दुसरा म्हणतो मे."

"तेव्हा येऊ दे."

तिंग-क्वोंचं ठीक होतं, ते घरचे. पण गिऱ्हाइकांनी उच्छाद मांडला. सकाळी अकरापासून चौकशा सुरू. ताई, दोन चिपांचं कितीला? मालकीणबाई, अंदाजे तरी? यातला एकही माणूस घेणारा नव्हता. बाईंना माणसाची चप्पल बघून त्याचा खिसा कळायचा, आणि या सगळ्यांच्या चपला अंघोळीच्या होत्या. शिवाय या वेळी तळहातावर घ्यायला पेटीच नव्हती, त्यामुळे बाईंना खरोखरच माहीत नव्हतं. एका मंगळवारी तळलेल्या पोर्क चॉपचा डबा उघडला आणि पहिल्या घासाला तिघांनी विचारलं. बाईंनी डबा बंद केला, पेटीचा पुठ्ठा फाडला आणि जाड मार्करने लिहिलं: दोन चिपांचं कार्ड, त्र्याण्णव हजार नऊशे. पैसे असतील त्यांनीच विचारावं.

पुठ्ठा काचेला चिकटवला. तिघे गप्प झाले. बाईंनी गरम असतानाच डबा संपवला. महिन्याभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तिंग-क्वो फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मग म्हणाले, "अगं, भाव फुटला."

"कोणी फोडला?"

"तैपेईच्या वितरण साखळीतल्या एका वरिष्ठ सूत्राने. जर्मनीत छापून आलंय. अमेरिकेत पण. तीन हजारांच्या वर अमेरिकी डॉलर पडणार म्हणतात. लोक शिव्या घालतायत."

"कोण आहे हा वरिष्ठ?"

तिंग-क्वोंनी फोन वळवून दाखवला. फोटोत पुठ्ठा होता. कोपऱ्यात चॉपच्या डब्याचं झाकणही आलं होतं.

बाईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. "अक्षर बरं आलंय," म्हणाल्या.

गुरुवारी फान रुई-हुंग आला. हिरव्या कंपनीची कार्डं ज्या वितरकाकडून बाजारात यायची, त्याचा हा व्यवस्थापक. एरवी गाळ्यात यायचा तेव्हा माल गळ्यात मारायला, म्हणून बाई त्याला फानसाहेब म्हणायच्या. आज आला तो इकडेतिकडे बघत, आवाज खाली घेऊन.

"ताई, हे काय लावलंय?"

"भाव."

"कोणी सांगितला?"

"का? चुकला का?"

फानच्या कपाळाला घाम. बाईंना वाटलं आता दम देणार, माल बंद करीन म्हणणार. तर तो आणखी जवळ सरकला. "चुकला की बरोबर तेच विचारायला आलोय," तो म्हणाला. "आम्हाला वरून काही सांगत नाहीत हो. साहेब म्हणाले, बाजारात एका बाईला माहीत आहे, जाऊन विचारून ये."

तिंग-क्वोंना ठसका लागला. बाईंनी फानला बसायला खोका दिला आणि खरं ते सांगितलं, की गिऱ्हाइकं जेवू देईनात म्हणून मनाने लिहिलंय. फानने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग उठला आणि म्हणाला, "समजलं. तुमचं नाव कुठे येणार नाही." आणि अदबीने वाकून गेला. वीस वर्षांत तो पहिल्यांदा वाकला होता.

लाल कंपनीला तरी उशीर का व्हावा? सोमवारी शेन यि-जून नावाची मुलगी अननसाच्या केकचा डबा घेऊन हजर. ही लाल बाजूची विक्री बघायची. एरवी ती सरळ कोकडे जायची. आज कोसमोरून तशीच पुढे आली. कोचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मावशी, जेवायला चला ना. मागच्या गल्लीत गोमांसाचे नूडल फार छान मिळतात."

"मला माहीत आहे. मी तिथे तीस वर्षं जेवते."

पण गेल्या. नूडल आले, शेनने स्वतः लोणच्याची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, "मावशी, त्र्याण्णव नऊशे हा आकडा कुठून आला? आमचे लोक दोन आठवडे झोपलेले नाहीत. त्यांचा भाव खरंच एवढा असेल तर आम्ही आमचा अर्ध्यावर लावू शकतो. आणि नसेल तर आमचीच फजिती."

बाईंनी सूप प्यायलं. "सांगते. आत्ता सगळ्यात महाग कार्ड तीस हजाराला. दोन चिपा म्हणजे तीस दुणे साठ. बरोबर?"

"बरोबर."

"त्यात निर्लज्जपणाचे तीस. झाले नव्वद. वर कर आणि माझी खुर्ची, म्हणजे गाळ्यात बसायचे माझे."

शेनने काड्या खाली ठेवल्या. मग हळूच हसली. "कळलं, मावशी. तुम्ही तुमचा माणूस उघडा पाडणार नाही. मला आदर आहे." बिल तिनेच दिलं.

परतल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "खरं बोललं की कोणी विश्वास ठेवत नाही, आणि पुठ्ठ्यावर ठेवतात. यांना पगार कशाचा मिळतो?"

"आपल्याला विचारायला येण्याचा," तिंग-क्वो म्हणाले.

इथवर गंमत होती. शुक्रवारी एक दंतवैद्य आले. बूट चामड्याचे, नवे. त्यांनी पाच हजार काउंटरवर ठेवले आणि पहिल्या कार्डासाठी नाव लिहा म्हणाले. बाईंचा हात नोटांवरच थांबला. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं, येणार की नाही ठाऊक नव्हतं, भाव स्वतःच्या डोक्यातला. त्यांनी नोटा परत केल्या. वैद्यबुवांना वाटलं कमी पडले, त्यांनी दहा काढले. बाईंनी तेही सरकवले. "डॉक्टर, असं कार्ड अजून नाहीच," त्या म्हणाल्या आणि त्यांच्यादेखत पुठ्ठा फाडून केराच्या टोपलीत टाकला.

संध्याकाळपर्यंत बातमी. तिंग-क्वोंनी वाचून दाखवली. "सूत्रावर कंपनीचा दबाव. भावफलक तातडीने हटवला. यावरून आकडा खरा असल्याची खात्री पटते."

समोरून को म्हणाला, "वहिनी, आता एकदा टोपली ओता. तीपण छापतील."

मार्च संपता संपता हिरव्या कंपनीने अमेरिकेत जाहीर केलं. दोन चिपा, एक कार्ड, तीन हजार डॉलरला एक डॉलर कमी. इथला भाव ब्याण्णव हजार नऊशे नव्वद. बाई नऊशे दहाने चुकल्या होत्या. मजल्यावरची माणसं येऊन त्यांना बघून जाऊ लागली. लॉटरीचं तिकीट घ्यायच्या आधी कोणीतरी आकडा विचारायला आलं, त्याला त्यांनी हाकललं.

बाईंना मात्र जेवण गोड लागेना. तसं त्या कोणाला बोलल्या नाहीत, पण घरी भांडी विसळताना नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी लिहिलं म्हणून तर त्यांनी ठेवला नसेल?"

"कोणी?"

"कंपनीने. पन्नास ठेवणार असतील. मग बघितलं असेल, बाजारात नव्वद लिहिलंय आणि लोक शिव्या देत देत नाव नोंदवतायत. मग म्हणाले असतील, ठेवा नव्वद."

तिंग-क्वोंनी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. सदतीस वर्षं बस चालवलेला माणूस, लोक कुठल्याही बसमध्ये चढतात हे त्यांनी पाहिलं होतं. "तुझ्या एका पुठ्ठ्यावर एवढी कंपनी चालत असेल," ते म्हणाले, "तर आपण खुर्चीचे जरा जास्त लावायला हवे होते." बाई हसल्या नाहीत.

दहा-बारा दिवसांत लाल कंपनीने आपलं दोन चिपांचं कार्ड काढलं. भाव बरोबर अर्धा. कार्डासोबत पाणी खेळवून थंड करायची नळी आणि वर पत्र्याची सुटकेस. कोने दुकानाभोवती लाल फिती बांधल्या, सगळ्यांना पपईचं दूध पाजलं आणि बाईंच्या काचेसमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, अर्ध्या किमतीत. आता बोला."

"अर्ध्या किमतीत किती विकलीस?"

"दोन."

"कोणाला?"

कोने एका फितीची गाठ सारखी केली. "एक मेव्हण्याला."

हिरव्या कंपनीने मग कार्ड बाजारात आणणं लांबवलं. आज येईल, उद्या येईल. ते आलं मेच्या शेवटी, कसलाही गाजावाजा न करता, सासुरवाडीला उशिरा पोचलेल्या जावयासारखं मागच्या दाराने. फान ते घेऊन स्वतः आला. एरवी असं महागडं कार्ड मिळायला न खपणारे दहा खोके आधी उचलावे लागत. बाईंना ते मानाचं म्हणून आलं. "ताई, पूर्ण बाजारात तुम्हालाच. तुमचं एवढं नाव झालंय." नाव झाल्याची रक्कम बाईंनी तिथल्या तिथे मोजून दिली, कारण नाही म्हटलं असतं तर पुढच्या हंगामात साधी कार्डंही आली नसती.

त्यांनी पेटी तळहातावर घेतली आणि झुलवली. डोळे मिटले.

"किती?" तिंग-क्वोंनी विचारलं.

"बत्तीस हजार," बाई म्हणाल्या. "फार तर पस्तीस."

पेटी काचेत मधोमध बसली. खाली चिठ्ठी, ब्याण्णव हजार नऊशे नव्वद.

जूनमध्ये कॉम्प्युटरची मोठी जत्रा भरते, जगभरचे लोक येतात. त्यांतला एक कॅनडाचा उंच माणूस दुभाष्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. त्याच्या संकेतस्थळाने त्या पुठ्ठ्यावर अकरा लेख लिहिले होते आणि त्याला सूत्राला भेटायचं होतं. कोने बोट दाखवलं. कॅनडाच्या माणसाने चॉप खाणाऱ्या बाईंकडे बघितलं, दुकानाचा नंबर पुन्हा तपासला आणि स्टुलावरच्या तिंग-क्वोंपुढे हात केला. दुभाष्याने विचारलं, "साहेब, ते सूत्र आपणच का?"

तिंग-क्वोंनी बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडात घास होता आणि तिने हातानेच खूण केली, बोला तुम्ही.

"मीच," तिंग-क्वो म्हणाले.

वीस मिनिटं मुलाखत चालली. पुढच्या वर्षी काय येणार? तिंग-क्वो विचारात पडल्यासारखं करून म्हणाले, येणार ते येणारच, पण गर्दीच्या वेळी नाही. दोन कंपन्यांत कोण जिंकणार? एकाच रस्त्यावर दोन बस असल्या की मागची रिकामी धावते, मात्र पुढची थांब्यावर जास्त वेळ थांबते. कॅनडाच्या माणसाने ते सगळं लिहून घेतलं. ते छापून आलं तेव्हा तिंग-क्वोंनी त्याची प्रत काढून घरी फ्रिजवर लावली. बाई म्हणाल्या, "निदान यात तरी खरं काहीतरी आहे."

उन्हाळा गेला. सप्टेंबरात हिरव्या कंपनीनेच एका चिपचं नवं कार्ड काढलं, अठरा हजारांचं. ते इतकं चांगलं होतं की दोन चिपांच्या कार्डाकडे बघून लोक आता फोटोसुद्धा काढेनात. भाव मात्र वितरकाने उतरवला नव्हता, म्हणून चिठ्ठी तशीच. कोच्या काचेतही एक पत्र्याची सुटकेस उरली होती. दोन्ही पेट्या समोरासमोर, एकमेकींकडे बघत.

नोव्हेंबरात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कापडी पिशवी, पायात चालायचे चांगले बूट. विद्यापीठात वादळात नद्यांना पाणी किती चढेल त्याची आकडेमोड करत. सरकारी खरेदीची मंजुरी हातात होती.

"हे दोन चिपांचं आहे ना? द्या. पावती विद्यापीठाच्या नावाने."

स्टुलावरून तिंग-क्वो उठून उभे राहिले. सू-छिनबाईंनी किल्ली घेतली, काच उघडली, पेटी बाहेर काढली. मग पेटी काउंटरवर ठेवून तिच्यावर हात ठेवला.

"तुम्हाला काय काम करायचंय यावर?"

त्या बाईंनी सांगितलं. सू-छिनबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण दरवर्षी जियायीला भावाच्या अंगणात पाणी येतं, तेवढं कळलं.

"हे घेऊ नका," त्या म्हणाल्या. "ही एका चिपची, अठरा-अठरा हजारांची चार घ्या. काम जास्त होईल. वर पैसे उरतील."

"पण मंजुरी याचीच आहे."

"मग कागद बदलून आणा. मी थांबते."

विद्यापीठाच्या बाई गेल्या. तिंग-क्वो पुन्हा स्टुलावर बसले. सू-छिनबाईंनी पेटी परत काचेत ठेवून किल्ली फिरवली. मग ते म्हणाले, "चोवीस वर्षांत तू गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं."

"मीही नव्हतं ऐकलं," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

नऊ दिवसांनी त्या बाई नवा कागद घेऊन आल्या आणि चार कार्डं घेऊन गेल्या. वर खुर्चीचे काही सू-छिनबाईंनी लावले नाहीत.

मानाचं कार्ड शेवटी कोणी घेतलंच नाही. जानेवारीत बाईंनी पेटी फोडली आणि काउंटरखालच्या जुन्या यंत्रात ते बसवलं, ज्यावर त्या रोजच्या भावाच्या याद्या छापायच्या. त्याला वीज पुरवणारा मोठा डबा लागतो, तो कोकडे होता. कोने एक पैसा सोडला नाही. बसवून झाल्यावर मात्र तो येऊन बघू लागला. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती, यंत्राच्या मागून छान ऊब येत होती. को उकिडवा बसून हात शेकत राहिला.

"वहिनी, गेम खेळता की काय आता?"

"नाही. याद्या छापते."

"या कार्डावर कशा छापून येतात?"

बाईंनी छापून आलेला कागद उजेडात धरला, वरून खाली नीट वाचला आणि त्याच्याकडे दिला.

"आधीसारख्याच," म्हणाल्या.